दोष आढळला नाही

लोणावळ्यात तुंगार्लीच्या चढावर, जिथं बंगले संपतात आणि कारवीचं रान सुरू होतं, तिथं एक वृद्धनिवास आहे. बैठी, लांबलचक इमारत, वर पत्रा, आणि मधोमध एक बोळकांडीसारखा व्हरांडा. श्रावणातल्या एका शनिवारी प्रज्ञेश तिथं गेला तो अगदी साध्या कामासाठी. तळेगावचा हा माणूस नेटवर्कची कामं करायचा. कॅमेरे लावणं, वायरी ओढणं, बिघडलेलं दुरुस्त करणं. वर्षाचं कंत्राट होतं, आणि दोन दिवसांपासून तिथले कॅमेरे मधूनच बंद पडत होते.

व्हरांड्याच्या टोकाला एक कपाट होतं आणि त्या कपाटात स्विच होता. स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. ही एक चपटी लोखंडी पेटी असते. तिच्या तोंडाला ओळीनं वायरी खोचलेल्या असतात, आणि प्रत्येक वायरीपाशी एक हिरवा ठिपका लुकलुकत असतो. त्या इमारतीतले कॅमेरे, फोन, वायफाय सगळं या एका पेटीतून जायचं. म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी असायची ती घंटीची बटणंसुद्धा. खोलीत कुणी बटण दाबलं की ते या पेटीतून फिरून परिचारिकांच्या टेबलावर वाजायचं.

बाहेर धो धो पाऊस आणि त्यातच धुकं. दुपारचीच वेळ, पण व्हरांड्यात दिवे लावलेले. कपाटाशेजारी खुर्ची टाकून एक आजी बसल्या होत्या. गळ्याला मफलर, कपाळाला बाम चोळलेला.

"काय बिघडलंय?" त्यांनी विचारलं.

"तेच शोधतोय आजी."

"मी शालूबाई. इथल्याच टेलिफोन एक्स्चेंजला होते, पार निवृत्त होईपर्यंत. तेव्हा असं ठिपके-बिपके नव्हतं. बोर्डावर दोऱ्या असायच्या. लाइन सोडवायच्या आधी आम्ही कान लावायचो, कुणी बोलतंय का म्हणून. उगाच कुणाचं बोलणं मधेच तुटायला नको."

प्रज्ञेश हसला. त्याला त्या आवडल्या. एवढ्यात सविता आली. तिथं काम करणारी लोहगडवाडीची बाई, आठवडाभर निवासातच राहायची. "चला आजी, जरा पडा. हितं वारं लागतंय," म्हणत तिनं शालूबाईंना हाताला धरून उठवलं. दोघी धुक्यात विरल्यासारख्या व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेल्या. तिकडं शेवटची खोली शालूबाईंची.

प्रज्ञेशनं लॅपटॉप जोडला आणि पेटीची तपासणी सुरू केली. वरवरची तपासणी लगेच झाली. तीत काहीच सापडलं नाही. आता राहिली ती सखोल तपासणी. ती करायची तर पेटी सगळ्या वायरी सोडून देते आणि स्वतःच्या आतलं एकेक अंग चाचपून बघते. तेवढा वेळ कॅमेरा नाही, फोन नाही, घंटी नाही. म्हणूनच पडद्यावर आधी इशारा येतो आणि मग पेटी विचारते, करू का?

नियम त्याला पाठ होता. अशा वेळी आधी जाऊन सांगायचं, आणि कुणाला तरी खोल्यांवरून फिरत ठेवायचं. पण निवासाच्या व्यवस्थापक रेणुका मॅडम फाटकापाशी कुणाच्या तरी नातेवाइकांशी बोलत होत्या. सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, संध्याकाळची जेवणं होऊ देत, मग करा. आणि शनिवार होता. भुशी डॅमवरून परतणाऱ्या गाड्या एकदा का खाली उतरल्या की लोणावळ्यातून बाहेर पडायला तास-दीड तास लागतो. आत्ता निघालं तर सुटेल, असा त्यानं हिशेब केला. पाचेक मिनिटांचं तर काम.

त्यानं 'हो'चं बटण दाबलं.

हिरवे ठिपके एका फटक्यात विझले. पेटीतला पंखाही थांबला, आणि तो थांबल्यावरच कळलं की इतका वेळ तो घरघरत होता. पत्र्यावरचा पाऊस एकदम मोठा झाला. प्रज्ञेश मोबाइल काढून रस्त्यावरची गर्दी बघत बसला. मधेच कुठंतरी स्टीलचं भांडं फरशीवर पडून गरगरत थांबल्याचा आवाज आला. त्यानं मान वर केली. व्हरांड्यात धुकं होतं. त्यानं पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

थोड्या वेळानं पेटी जागी झाली, ठिपके एकेक करत उजळले आणि पडद्यावर इंग्रजीत ओळ आली. दोष आढळला नाही.

तो निघाला. गाड्यांच्या गर्दीआधी खाली उतरला, याचं त्याला बरंही वाटलं.

सोमवारी सकाळी रेणुका मॅडमचा फोन आला.

"शालूबाई गेल्या," त्या म्हणाल्या. "शनिवारी. चहाच्या वेळेला सविता खोलीत गेली तर खाली पडलेल्या. पाण्याचा तांब्या एकीकडे, त्या एकीकडे. घंटीचं बटण मुठीत होतं हो. इतकं आवळलेलं, की आम्हाला एकेक बोट सोडवावं लागलं."

प्रज्ञेशनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुम्ही त्याच दिवशी आला होतात ना? म्हणून विचारते. घंट्या नीट चालू होत्या ना?"

बायको पलीकडं डबा भरत होती. कुकरची शिट्टी झाली. तेवढ्या अवधीत खरं बोलता आलं असतं.

"हो मॅडम," तो म्हणाला. "सगळं तपासूनच निघालो मी. कसलाही दोष नव्हता."

पहिला 'हो' सोडला तर यातला शब्द न् शब्द खरा होता. म्हणूनच तो इतका सहज तोंडातून गेला.

"मग सविताच," रेणुका मॅडम सुस्कारा सोडून म्हणाल्या. "एक तर जागेवर नव्हती, नाहीतर ऐकून बसून राहिली. विचारलं तर तोंडातून शब्द काढत नाही. खाली मान घालून उभी. आजींचा पुतण्या आलाय पुण्याहून, तो काय काय बोलला तिला. काढावंच लागलं बाई."

फोन ठेवल्यावर प्रज्ञेश बराच वेळ मोरीत नळ सोडून उभा राहिला.

माणूस स्वतःची समजूत घालायला लागला की कसलेला वकील होतो. आजींचं वय झालं होतं. हृदयविकार असणार, कुणी धावत गेलं असतं तरी वाचल्या नसत्या. डॉक्टरही तसंच म्हणाले म्हणे. सविताला काय, दुसरीकडं काम मिळेल. असं तो दिवसा म्हणायचा आणि ते पटायचंही. पण घरात टीव्हीशेजारी इंटरनेटचा छोटा डबा होता, त्याचा हिरवा ठिपका लुकलुकताना दिसला की तो नजर वळवायचा. एके दिवशी त्यानं तो डबा भिंतीकडं तोंड करून ठेवला. बायकोनं विचारलं, "हे काय?" तो म्हणाला, "डोळ्यांवर येतं."

गणपती उठले, आणि पुन्हा फोन आला.

"त्या खोलीची घंटी वाजतेय," रेणुका मॅडम म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा करडा होता, पण त्या थांबून थांबून बोलत होत्या. "खोली बंद आहे. बटण तर आम्ही कधीच काढलं. तरी टेबलावर वाजते. रोज दुपारी. दोघी नव्या मुली काम सोडून गेल्या. हे बघा, मशीन बिघडलंय म्हणून मी तुम्हाला बोलावतेय. दुसरं काही मला ऐकायचं नाही."

तो गेला. न जाऊन कसं चालणार?

पाऊस नव्हता त्या दिवशी. पण धुकं असं होतं की फाटकातून इमारत दिसत नव्हती. ते व्हरांड्यातही शिरलं होतं आणि दिव्यांभोवती ओल्या कापसासारखं साचलं होतं. दुपारच्या वेळी सगळी म्हातारी माणसं झोपलेली. कुठं खोकला नाही, कुठं रेडिओ नाही. आधी तो शेवटच्या खोलीत गेला. कुलूप उघडलं. खाट उभी करून भिंतीला टेकवलेली, गादी गुंडाळलेली. उशाशी जिथं घंटीची वायर निघायची, तिथं भिंतीत नुसतं भोक, आणि त्यावर प्लॅस्टिकचं झाकण. खोलीला ओल आल्याचा वास होता. आणि त्या वासाखाली आणखी एक. बामाचा. त्यानं कुलूप लावलं आणि भराभर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, कपाटापाशी आला.

पेटीवर त्या खोलीच्या वायरीचा ठिपका लुकलुकत होता.

पलीकडं काही जोडलेलं असल्याशिवाय तो लागत नाही. प्रज्ञेशनं लॅपटॉप उघडला. पेटीत एक सोय असते. वायरीत एक ठोका पाठवायचा. तो पलीकडच्या टोकाला आपटून परत येतो, आणि त्याला किती वेळ लागला यावरून यंत्र सांगतं, ते टोक इथून किती लांब आहे. उंदरानं वायर कुठं कुरतडलीय ते असंच सापडतं.

त्यानं ठोका पाठवला. उत्तर आलं, चाळीसेक मीटर. बरोबर होतं, खोली तेवढ्यावरच होती. पण खाली लिहिलं होतं की टोकाला काहीतरी जोडलेलं आहे.

भोकाचं झाकण तर त्यानं आत्ताच डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यानं पुन्हा तपासलं.

तीस.

यंत्र चुकलं असेल म्हणून त्यानं वायर काढून, फुंकून, पुन्हा खोचली. पुन्हा ठोका पाठवला.

एकोणीस.

भिंतीतून गेलेली वायर आखडत नाही. ती उंदीर कुरतडेल, ओलीनं कुजेल, पण तिचं टोक चालत येणार नाही. प्रज्ञेशनं हळूच व्हरांड्याकडं पाहिलं. जेवणघराचं दार साधारण तेवढ्या अंतरावर होतं. तिथवर दिसत होतं, त्यापुढं धुकं. कुणी नव्हतं. फक्त तिथला दिवा आधी होता तितका उजळ वाटत नव्हता, त्याच्या आड कुणी येऊन उभं राहावं तसा.

बोट पुन्हा बटणावर गेलं. का गेलं, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. बघितल्याशिवाय राहवत नव्हतं, एवढंच.

आठ.

रबरी चपला ओल्या फरशीवर जपून टाकत यावं, तसा आवाज... एक पाऊल. मग थांबणं. मग दुसरं.

त्यानं वायर उपटली. पार काढून हातात घेतली. तिचं टोक त्याच्या मुठीत लोंबत होतं, आणि पेटीवरच्या रिकाम्या खाचेपाशी ठिपका लुकलुकतच होता. आता ठोका पाठवायला वायरच नव्हती. तरी पडद्यावर आपोआप ओळ उमटली. या वेळी आकडा आला नाही. टोक इथंच असलं की आकडा येत नाही.

मानेवर बामाचा वास आला. ऊन, श्वासासारखा.

तो वळला नाही. कपाटाची कड दोन्ही हातांनी धरून, डोळे घट्ट मिटून तो उभा राहिला.

"आजी..." तो पुटपुटला. "मीच बंद केल्या होत्या घंट्या. कुणाला सांगितलं नाही. मला... मला लवकर निघायचं होतं. तांब्या पडल्याचा आवाज मी ऐकला होता आजी. ऐकला होता. उठलो नाही. आणि ती बाई... तिचं काम गेलं, तरी मी बोललो नाही."

त्यानं डोळे उघडले. पेटीवरचे सगळे ठिपके स्थिर झाले होते. एकही लुकलुकत नव्हता. कान लावून ऐकणाऱ्यानं श्वास रोखून धरावा, तसे ते नुसते जळत होते. किती वेळ, कोण जाणे. मग त्या रिकाम्या खाचेचा ठिपका सावकाश मावळला, बाकीचे पुन्हा लुकलुकू लागले, आणि मानेवरची ऊब गेली. पडद्यावर सखोल तपासणीचा निकाल झळकत होता. ती तपासणी त्यानं लावलीच नव्हती.

दोष आढळला नाही.

ते वाचून त्याला रडू कोसळलं. माफी म्हणावी तर ती यंत्राची होती, आणि यंत्राला काय कळतं?

तो तसाच रेणुका मॅडमच्या खोलीत गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला. घंटीचं, खोटं बोलल्याचं. व्हरांड्यातलं मात्र सांगितलं नाही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"मी त्या बाईला पुतण्यासमोर उभं केलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर."

"हो मॅडम."

"तुमचं काम इथलं संपलं, हे सांगायला नको. पुतण्याला मी आज फोन करते, तो तुमचं काय करायचं ते करेल. सविताला मी परत घेते. पण हे तिला तुम्ही सांगायचं. तुमच्या तोंडानं."

दुसऱ्या दिवशी प्रज्ञेश मळवलीवरून भाजे, तिथून गायमुख खिंड चढून लोहगडवाडीला गेला. आठवड्याचा मधला वार, किल्ल्यावर चढणारं कुणी नव्हतं. टपऱ्यांवर निळं प्लॅस्टिक ओढलेलं. विचारत विचारत तो सविताच्या घरी पोचला. ओटीवर तिची सासू धोंडाबाई सुपात शेंगा घेऊन फोडत बसली होती. त्यानं दोनदा विचारलं, "सविताताई आहेत का?" म्हातारीनं मान वर केली नाही.

"आत्यांना ऐकाय येत न्हाई," सविता आतून येत म्हणाली. "माज्या लग्नाच्या आदीपासनं. ढोल वाजला तरी कळत न्हाई." मग तिनं त्याला ओळखलं. जरा थबकली. "बसा भाऊ. च्या टाकते."

"चहा नको ताई. आधी ऐका माझं."

तो ओटीवर खाली बसला आणि दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. कालच्यापेक्षा हे अवघड होतं. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिच्या हाताला नवं भाजलेलं दिसत होतं, टपरीवर भजी तळताना तेल उडालेलं.

"तेव्हा तुमचा काहीच दोष नाही," तो शेवटी म्हणाला. "मॅडमनी परत बोलावलंय. तुम्हाला घंटी ऐकू येणंच शक्य नव्हतं. त्या वेळात सगळ्या घंट्या बंद होत्या."

"बंद व्हत्या?"

"सगळ्या."

सविता हळूहळू खाली बसली. डोकं हलवत राहिली.

"न्हाई भाऊ," ती म्हणाली. "वाजली ती."

"ताई, नाही वाजू शकत. पेटीच बंद..."

"मला पेटीचं काय म्हाईत न्हाई. मी ऐकली." तिचा आवाज इतका खाली गेला की त्याला पुढं वाकावं लागलं. "मी एका आबांना पेज भरवत व्हते. आजींची घंटी मला वळखू यायची. सारखी वाजवायच्या त्या. खिडकी लाव, पानी दे, न्हाईतर नुसती बस म्हनायच्या. त्या दिशी मी म्हनलं, वाजू दे. वाटी संपू दे, मग जाते. वाटी संपली, तरी उठले न्हाई. हात धुतले. पदर सारका केला... लय येळ वाजत व्हती भाऊ. मग थांबली."

तिनं भाजलेल्या हातावर पदर ओढला.

"थांबली तवा मला बरं वाटलं," ती म्हणाली. "म्हनून बोलले न्हाई मॅडमला. काय बोलनार व्हते?"

प्रज्ञेश जे ओझं उचलून घ्यायला आला होता, ते तिच्या अंगावर तसंच होतं, आणि त्याचं त्याच्यावर तसंच. किल्ल्याच्या अंगानं धुकं उतरत होतं, अंगण त्यात बुडत चाललं होतं. सुपात शेंगा फुटत होत्या, टक... टक...

मग तो आवाज थांबला.

धोंडाबाईनं मान वर केली होती. ती त्या दोघांकडं बघत नव्हती. घराच्या मागच्या दाराकडं तिनं कान दिला होता.

"आले गं बाई, आले..." ती म्हणाली. "किती येळ वाजवतीयास. आले."

तिनं सूप बाजूला सारलं, लुगड्याला हात पुसले आणि भिंतीला धरत आत गेली. सविता जागची हलली नाही. प्रज्ञेशलाही उठता आलं नाही. आतून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि मागचं दार कुरकुरत उघडलं. दाराबाहेर पांढऱ्या धुक्याशिवाय काही नव्हतं. म्हातारी जराशी बाजूला सरकली, आत येणाऱ्याला वाट द्यावी तशी. मग दार तसंच उघडं टाकून ती चुलीपाशी आली, आणि तिनं आणखी एक पाट मांडला.